मृतांचे विश्वस्त

नोव्हेंबर महिना आला की आपल्या दफनभूमीला जाग येते. एरवी वर्षभर जिथे गवत आणि शांतता यांचेच राज्य असते, तिथे दोन तारखेच्या आधीच कोयते, झाडू आणि चुन्याच्या बादल्या घेऊन माणसे जमू लागतात. कबरी स्वच्छ होतात, क्रुसांवर हार चढतात, संध्याकाळी मेणबत्त्यांच्या रांगा उजळतात. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीने फिरतात. दूर शहरात राहायला गेलेले भाऊबंद भेटतात, चौकशा होतात. आणि मग आपण घरी परततो. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या दोन तारखेपर्यंत त्या जागेचे काय होते, हा प्रश्न सहसा आपल्याला पडत नाही.

मलाही पडत नव्हता. गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या दफनभूमी समितीवर माझे नाव घातले गेले, तेव्हा पडला. पहिल्याच सभेत आमच्यापुढे तीन विषय आले. पहिला, जागा अपुरी पडते, तर एक कबर किती वर्षांनी पुन्हा उघडायची? दुसरा, एक कुटुंब मोठी देणगी द्यायला तयार आहे, त्यांना वडिलांची कबर कायमची हवी आहे, ती द्यायची का? तिसरा विषय अगदी साधा होता. मागच्या भिंतीलगतची पट्टी मोकळीच पडून आहे, तिथे फरशी बसवून लोकांना उभे राहायला जागा करावी.

तिसऱ्या विषयावर सगळ्यांच्या माना डोलल्या. माझी मात्र डोलली नाही. त्या भिंतीशी माझा थोरला भाऊ आहे.

तो माझ्या आधी जन्मला, आणि जन्मला तो मृतच. स्नानसंस्कार झाला नव्हता, म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला आशीर्वादित भूमीत जागा मिळाली नाही. वडिलांनी संध्याकाळी एका खोक्यातून नेऊन भिंतीशी ठेवले. नोंदवहीत त्याची ओळ नाही. लहानपणी दोन तारखेला आई आजी-आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून झाल्यावर एक मेणबत्ती भिंतीपाशी नेऊन लावायची. मला वाटायचे, एक उरली म्हणून तिथे लावते. पुष्कळ मोठा झाल्यावर कळले, की ती उरलेली नसायची, मोजून आणलेली असायची.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पाठलाग करतो आहे. मेलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो का? लागत असू, तर ते वसूल करायला तो कधीच येणार नाही, हे ठाऊक असताना ते प्रामाणिकपणे फेडायचे कसे? दफनभूमीच्या विश्वस्ताचे काम म्हणजे हाच प्रश्न आहे. उत्तर शोधताना मला आयर्लंडमधील एका दफनभूमीचा इतिहास उपयोगी पडला. तो आपल्यासारख्याच कॅथलिक भाविकांचा इतिहास आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

प्रार्थना थांबवली आणि दफनभूमी उभी राहिली

आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक, पण सत्ता इंग्रजांची. अठराव्या शतकातील जाचक कायद्यांमुळे कॅथलिकांना स्वतःच्या दफनभूमी नव्हत्या. डब्लिन शहरात कॅथलिक माणूस मेला तर त्याला प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारातच पुरावे लागे आणि तिथे कॅथलिक विधी करता येत नसे. १८२३ साली संत केविन यांच्या नावाच्या अशाच एका आवारात दफनाच्या वेळी फादर मायकल ब्लेक प्रार्थना म्हणू लागले, तेव्हा तिथल्या चर्चसेवकाने त्यांना थांबवले. कबर उघडी, शवपेटी समोर, नातेवाईक भोवती, आणि मृतासाठी दोन शब्द म्हणायची बंदी! शहरात संतापाची लाट उसळली.

त्या काळचे कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनेल हे वकील होते. कबरीपाशी मृतासाठी प्रार्थना करण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, असे मत त्यांनी दिले. पण नुसत्या मतावर ते थांबले नाहीत. आपल्या लोकांना सन्मानाने पुरण्यासाठी आपली जागा हवी, म्हणून त्यांनी समिती उभी केली. १८२९ साली गोल्डनब्रिज येथे पहिली दफनभूमी सुरू झाली. ती लवकरच अपुरी पडली. मग ग्लासनेविन येथे नऊ एकर जागा घेण्यात आली आणि २१ फेब्रुवारी १८३२ रोजी ती दफनभूमी खुली झाली. दुसऱ्याच दिवशी तिथे पहिले दफन झाले. ते कुणा सरदाराचे नव्हते, पुढाऱ्याचे नव्हते. फ्रान्सिस स्ट्रीट या वस्तीतल्या मायकल केरी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचे होते.

या दफनभूमीची एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना प्रार्थना नाकारली गेली होती, त्यांनी स्वतःची जागा मिळाल्यावर दुसऱ्यांना दार बंद केले नाही. कोणत्याही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसालाही तिथे सन्मानाने विसावा मिळावा, असे पहिल्यापासून ठरले. म्हणूनच १८९१ साली वारलेले आयरिश नेते पार्नेल प्रॉटेस्टंट असूनही तिथेच आहेत. त्यांच्या कबरीवर एक ओबडधोबड ग्रॅनाइटचा दगड आहे आणि त्यावर फक्त आडनाव. कवी आणि येशूसंघीय धर्मगुरू जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स १८८९ साली वारले. त्यांना वेगळे स्मारक नाही. संघबंधूंच्या सामायिक जागेत, सर्वांच्या नावांबरोबर त्यांचेही नाव कोरलेले आहे.

भिंत, मनोरे आणि वही

आता त्या विश्वस्तांच्या कामाकडे पाहू. त्या काळी वैद्यकीय शिक्षणासाठी प्रेते चोरून विकण्याचा धंदा चाले. म्हणून विश्वस्तांनी उंच भिंत बांधली, तिच्यावर टेहळणीचे मनोरे उभारले, रात्रीचे पहारेकरी नेमले आणि त्यांच्याबरोबर शिकारी कुत्रे ठेवले. श्रीमंताचे नातेवाईक कबरीवर स्वतःचा पहारा बसवू शकत. गरिबाचे प्रेत मात्र कुणीही उचलून न्यावे अशी स्थिती. त्या भिंतीने दोघांना सारखेच राखले.

पुढे १८४५ पासूनचा महादुष्काळ आला, पटकीच्या साथी आल्या. माणसे इतकी मरत होती, की स्वतंत्र कबरी खणणे शक्यच नव्हते. मोठ्या सामायिक खड्ड्यांत दफने झाली. आज ग्लासनेविन १२४ एकरांवर पसरले आहे. तिथे १५ लाखांहून अधिक माणसे विसावली आहेत, आणि त्यांतील सुमारे ८ लाख अशी आहेत, की ज्यांच्यावर कसलाही दगड नाही, खूण नाही. म्हणजे निम्म्याहून अधिक!

पण खूण नसली तरी नोंद आहे. पहिल्या दिवसापासून त्या समितीने दफनांच्या नोंदवह्या ठेवल्या, साथीच्या दिवसांतही ठेवल्या. आज कुणी आयरिश माणूस अमेरिकेतून आपल्या पणजोबांचा शोध घेत येतो, तेव्हा त्याला क्रूस सापडत नाही, पण वहीत नाव सापडते. कारकुनाने घाईघाईत लिहिलेली ती एक ओळ म्हणजे त्या माणसाचे पृथ्वीवरचे एकमेव स्मारक असते.

आणखी एक गोष्ट. मृत जन्मलेल्या बालकांना आशीर्वादित भूमीत जागा देणाऱ्या थोड्या दफनभूमींमध्ये ग्लासनेविनचे नाव घेतले जाते. तिथे बालकांचा स्वतंत्र विभाग आहे, त्याला देवदूतांची जागा असे म्हणतात. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या गोष्टीला आपण 'त्या काळची रीत' म्हणून सोडून देतो, तिच्या बाबतीत त्या काळीही कुणीतरी वेगळा निर्णय घेऊ शकत होते, आणि घेत होते.

संत मोनिका यांचा आक्षेप

इथे कुणी विचारील, मृताला या सगळ्याचा उपयोग काय? आत्मा देवाच्या हाती आहे. देह मातीचा, मातीत गेला. तो भिंतीच्या आत गेला काय, बाहेर गेला काय!

हा आक्षेप अश्रद्ध माणसाचाच आहे असे नाही. खुद्द संत मोनिका यांनी तो घेतला आहे. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळ ऑस्टिया बंदरात त्या मरणोन्मुख होत्या. आफ्रिकेतील आपल्या गावी, पतीशेजारी कबर मिळावी अशी त्यांची पूर्वी फार इच्छा होती. पण शेवटी त्यांनी मुलांना सांगितले, की देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, फक्त देवाच्या वेदीपाशी माझी आठवण करा. त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांनी पुढे मृतांची काळजी कशी घ्यावी यावर एक छोटा ग्रंथच लिहिला. संताच्या कबरीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो का, असे बिशप पॉलिनस यांनी विचारले होते, त्याचे ते उत्तर होते. ऑगस्टीन यांचे म्हणणे थोडक्यात असे : थाटाचे दफन मृताला तारत नाही आणि दफन न मिळाल्याने नीतिमान माणसाचे काही बिघडत नाही. अंत्यविधीचा थाट हा जिवंतांचा दिलासा आहे. तरीही देहाची हेळसांड करू नये. वडिलांचा अंगरखा किंवा अंगठी मुलाला प्रिय असते. देह तर अंगरख्यापेक्षा कितीतरी जवळचा, आणि पवित्र आत्म्याने त्याला सत्कृत्यांचे साधन म्हणून वापरलेले असते.

याचा अर्थ मला असा लागतो, की कबरीची गरज देवाला नाही, मृतालाही नाही. गरज आहे ती आपल्याला, आपण खरे राहावे म्हणून. जिवंत माणसाला दिलेला शब्द आपण पाळतो, त्यात थोडा धाक असतो, थोडी लाज असते, थोडा व्यवहार असतो. मृताला दिलेला शब्द पाळताना यांतले काहीच नसते. तो तक्रार करीत नाही, कोर्टात जात नाही, पुढच्या निवडणुकीत मत देत नाही. तोबीत रात्रीच्या अंधारात, जीव धोक्यात घालून आपल्या बांधवांची प्रेते पुरीत असे. त्यांतून त्याला काय मिळणार होते? म्हणून तर मृतांना पुरणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत मोजले आहे. परतफेडीची आशाच नाही, अशी ही दया आहे.

'कायमचे' या शब्दाची किंमत

मात्र भावनेवर दफनभूमी चालत नाही. गवत कापायला माणूस लागतो, माणसाला मजुरी लागते. इथे विश्वस्तांची खरी परीक्षा होते.

लंडनमधील हायगेट दफनभूमीचे उदाहरण घ्या. ती १८३९ साली एका खाजगी कंपनीने नफ्यासाठी सुरू केली. कबरीची जागा विकायची आणि 'कायमची' म्हणून विकायची. जोवर विकायला जागा होती, तोवर सुंदर बागा राखल्या गेल्या. जागा संपत आली तशी आवक आटली, पण सांभाळायच्या कबरी तेवढ्याच राहिल्या. शेवटी झाडाझुडपांनी दगड फोडले आणि १९७५ साली पश्चिमेकडच्या भागाचे दरवाजे बंद करावे लागले. त्याच वर्षी स्थानिक नागरिकांनी संस्था स्थापन करून ती जागा वाचवायला सुरुवात केली. २०२२ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा करून, फार जुन्या झालेल्या कबरी पूर्वसूचना देऊन आणि हरकती ऐकून पुन्हा वापरण्याची मुभा हायगेटला दिली. ज्या जागा 'कायमच्या' म्हणून विकल्या होत्या, त्यांचे शेवटी असे झाले.

यातून बोध घ्यायचा तो हा. 'कायमचे' हा शब्द देवाच्या अधिकारातला आहे. विश्वस्ताने तो पैसे घेऊन विकू नये, कारण तो पाळण्याचे काम त्याच्यावर येतच नाही, अजून न जन्मलेल्या विश्वस्तांवर येते. आज देणगीची पावती आपण फाडायची आणि खर्च नातवंडांच्या पिढीने सोसायचा, याला प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. उलट आपल्याकडची रीत पाहा. काही वर्षांनी कबर उघडायची, हाडे आदराने गोळा करून सामायिक विहिरीत ठेवायची आणि ती माती दुसऱ्या भावंडाला द्यायची. पुष्कळांना यात कमीपणा वाटतो. मला आता त्यात एक मोठे सौंदर्य दिसते. मेल्यावरही आपण एकमेकांना जागा करून देतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने जागा अडवली, तर ज्याच्याकडे नाहीत त्याच्या वाट्याची माती कमी होते. हा हिशेब देणगीच्या आकड्यात दिसत नाही.

एकाच भिंतीवर दोन्ही बाजू

ग्लासनेविनच्या विश्वस्तांनी सगळेच बरोबर केले, असे मात्र नाही. मधल्या काळात तिथेही दुर्लक्ष झाले, दगड कोसळले, गवत माजले. २०१६ च्या ईस्टर उठावाच्या शताब्दीपूर्वी शासनाच्या मदतीने मोठी डागडुजी करावी लागली. त्याच शताब्दीला त्यांनी एक धाडस केले. १९१६ च्या उठावात मेलेल्या सर्वांची नावे एका भिंतीवर कोरली : बंडखोर, सामान्य नागरिक, लहान मुले आणि ब्रिटिश सैनिकसुद्धा. कुणाला वेगळी ओळ नाही. मृत्यूच्या तारखेप्रमाणे सारी नावे सलग.

देशात वादळ उठले. आमच्या हुतात्म्यांशेजारी त्यांना मारणाऱ्यांची नावे? २०१७ साली भिंतीवर रंग फेकला गेला, २०२० साली हातोड्यांनी ती फोडली गेली. त्यानंतर विश्वस्त मंडळाने ती भिंत पुढे न राखण्याचा निर्णय घेतला.

कोण बरोबर, कोण चूक? मला वाटते, ज्यांना राग आला त्यांचे दुःख खोटे नव्हते. हुतात्म्याचा सन्मान करणे वेगळे आणि मृताची नोंद करणे वेगळे. भिंतीवर कोरलेले नाव सन्मानासारखे दिसते, तिथे गोंधळ झाला असेल. पण वहीत सर्वांची नावे सलगच असतात, आणि ती तशीच असली पाहिजेत. विश्वस्त हा न्यायाधीश नाही. गहू आणि निदण वेगळे करणे हे कापणीच्या दिवसाचे काम आहे आणि ते मालक करणार आहे. आपल्याकडे फक्त शेताची राखण आहे.

नाव हरवू नये

गेल्या काही वर्षांत रोमहून आलेल्या मार्गदर्शनाचा सूरही हाच आहे. दहनाला ख्रिस्तसभेने १९६३ पासून परवानगी दिली आहे. २०१६ च्या सूचनेत सांगितले गेले, की अस्थी घरात ठेवू नयेत, उधळू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, म्हणजे मृत व्यक्ती समाजाच्या प्रार्थनेतून आणि आठवणीतून निसटणार नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये असेही स्पष्ट करण्यात आले, की अनेकांच्या अस्थी एका सामायिक, कायमस्वरूपी पवित्र जागी एकत्र ठेवता येतील, मात्र प्रत्येकाची माहिती तिथे नमूद हवी, नाव हरवता कामा नये. माती मिसळली तर चालेल, नावे मिसळू नयेत! सामायिक खड्ड्यातल्या आठ लाखांची वही सांभाळणाऱ्या त्या जुन्या कारकुनांना हे न सांगताच कळले होते.

आणि माझ्या भावाचे काय? १९८३ च्या धर्मविधीसंहितेने, ज्यांना स्नानसंस्कार देण्याची आईवडिलांची इच्छा होती पण तो होण्याआधीच जी बालके गेली, त्यांचा अंत्यविधी करण्याची परवानगी धर्मप्रांताधिकारी देऊ शकतात, असे म्हटले आहे. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास आधार आहे, असे प्रतिपादन केले. म्हणजे ख्रिस्तसभा पुढे गेली आहे. आमची नोंदवही मात्र मागेच राहिली होती.

मी सभेत हे सांगितले. आवाज थोडा कापला. प्रमुख धर्मगुरू बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नोंदवहीच्या शेवटी एक कोरे पान काढून दिले आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतर घोषणा केली, की ज्यांची बालके भिंतीशी आहेत त्यांनी येऊन नोंद करावी. वाटले होते, एवढ्या वर्षांनी कोण येणार? पहिल्याच रविवारी चार घरची माणसे आली. त्यांत एक आजी होत्या, त्यांना तारीख, वार, पाऊस पडत होता की नाही, हेही आठवत होते.

मी आईला घेऊन गेलो. लिहिणाऱ्याने विचारले, "नाव काय लिहू?" आई म्हणाली, "नाव ठेवायला वेळच कुठे मिळाला, बाबा?" मग थोडे थांबून म्हणाली, "जोसेफ लिहा. मनात तेच होतं." घरात हे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते.

फरशी अजून बसलेली नाही. कायम कबरीच्या देणगीचा आणि कबर किती वर्षांनी उघडायची याचा निर्णयही झालेला नाही. येत्या सभेत हे तिन्ही विषय आहेत आणि सभा सर्व भाविकांसाठी खुली आहे. मी माझे मत वर लिहिले आहे. ते चूक वाटले तर येऊन तसे सांगा, कारण समितीवर पाच-सहा नावे असली तरी त्या भूमीचे विश्वस्त आपण सगळेच आहोत. तिथले रहिवासी सभेला येऊ शकत नाहीत. आणि आज ना उद्या, आपल्या वतीने बोलायला दुसऱ्या कुणालातरी तिथे बसावे लागणार आहे.